क्राकूफ घड्याळाकडे बघत पाहावं

पोलंडमधलं क्राकूफ तसं आटोपशीर शहर. उत्तरेच्या बार्बिकन या जुन्या तटबंदीच्या बुरुजापासून दक्षिणेच्या, राजवाडा असलेल्या वावेल टेकडीपर्यंत जुना भाग न थांबता चाललं तर वीस-पंचवीस मिनिटांत संपतो. नेमक्या याच कारणाने येणाऱ्यांचा अंदाज चुकतो. सगळं जवळ आहे म्हणून सावकाश निघावं, तर एक दार साडेअकराशिवाय उघडत नाही, दुसऱ्या ठिकाणची दिवसाची तिकिटं सकाळीच संपलेली असतात आणि तिसरं नेमकं त्या वारी बंद असतं. आम्ही हे शहर दोन खेपांत पाहिलं. दुसऱ्या खेपेला नकाशाआधी वेळांचा कागद केला आणि तितक्याच दिवसांत जवळजवळ दुप्पट पाहून झालं. तो कागद कसा लावायचा, ते इथे सांगत आहोत. तिकिटांचे दर आणि वेळा ऋतूप्रमाणे बदलतात, म्हणून दर मुद्दाम दिलेले नाहीत. निघण्यापूर्वी त्या त्या संग्रहालयाच्या संकेतस्थळावर एकदा नजर टाकावी.

पहिल्या दिवसाची खुंटी अकरा पन्नासला ठोकावी. रविवार आणि सणवार सोडले तर त्या वेळी मारियात्स्की चर्चमध्ये व्हिट स्ट्वोशची लाकडी वेदी उघडतात. न्यूरेंबर्गहून आलेल्या या शिल्पकाराने १४७७ ते १४८९ अशी बारा वर्षं हे एकच काम केलं. उंची सुमारे तेरा मीटर, रुंदी सुमारे अकरा, सांगाडा ओकचा आणि मूर्ती लिंडनच्या लाकडातून कोरलेल्या. बंद असताना समोर दिसतात ते येशू आणि त्याची आई मेरी यांच्या आयुष्यातले प्रसंग दाखवणारे बारा चौकोन. तेसुद्धा सुरेख आहेत, पण खरी वेदी त्यांच्या मागे असते. ठरलेल्या वेळी एक जोगीण लांब काठी घेऊन पुढे येते आणि वेदीचे पंख, म्हणजे दोन बाजूंच्या झडपा, एकेक करून बाजूला सारते. आतलं सोनं एकदम समोर येतं. मधोमध मेरीचा अंतकाळ आहे. गुडघ्यांत खचत चाललेली मेरी आणि तिला सावरणारे शिष्य. मोठ्या मूर्ती पावणेतीन मीटरच्या आसपास आहेत, म्हणजे माणसाहून बऱ्याच मोठ्या. तरीही हातांवरच्या फुगलेल्या शिरा आणि सुजलेली बोटांची पेरं खालून स्पष्ट दिसतात. २०१५ ते २०२१ या काळात वेदीची सफाई आणि दुरुस्ती झाली. शतकानुशतकांची काजळी गेल्यामुळे निळा आणि सोनेरी रंग आता उजळून दिसतो.

इथे चुकतं कुठे, तर दाराशी. चौकातून दिसणारं मोठं दार प्रार्थनेला येणाऱ्यांसाठी आहे. तिथून आत गेलं तर मागच्या भागातच थांबावं लागतं आणि वेदी लांब राहते. पर्यटकांचा प्रवेश दक्षिणेकडच्या बाजूच्या दाराने आहे आणि तिकीट त्या दारावर मिळत नाही, समोरच्या छोट्या चौकापलीकडच्या खिडकीवर मिळतं. अकरा पंचेचाळीसला दाराशी पोचलेली माणसं आधी चुकीच्या रांगेत, मग खिडकीच्या रांगेत उभी राहतात आणि आत शिरेपर्यंत पंख उघडलेले असतात. पर्यटकांना साडेअकरापासून सोडतात. खिडकीशी अकरा वीसला असावं, आत गेल्यावर इकडेतिकडे न रेंगाळता वेदीच्या बाजूची बाकं गाठावीत आणि बसून वाट पाहावी. वर पाहिलं की निळ्या छतावर सोनेरी तारे दिसतात. भिंतींवरची ही रंगसजावट चित्रकार यान मातेइकोने १८८९ ते १८९१ या काळात आखली. त्याच्या हाताखाली काम करणाऱ्या तरुणांपैकी विस्प्यान्स्की आणि मेहोफर हे दोघे पुढे स्वतःच्या नावाने मोठे झाले. रविवारी पर्यटकांना दुपारी दोननंतरच प्रवेश असतो, म्हणून क्राकूफला फक्त शनिवार-रविवार जाणार असाल तर चर्च शनिवारी ठेवा.

वेदी उघडल्यावर सात-आठ मिनिटं डोळे भरून पाहावं आणि बाराला दोन मिनिटं कमी असताना बाहेर चौकात यावं. तिकीट परत वापरता येईल असं गृहीत धरू नये. वेदी नीट पाहायची असेल तर आतच थांबावं आणि बाहेरचं पुढे कुठल्याही तासाच्या ठोक्याला ऐकावं, कारण बाहेर जे घडतं ते दर तासाला घडतं, रात्रीसुद्धा. दोन मनोऱ्यांपैकी उंच मनोरा सुमारे ऐंशी मीटरचा आहे. त्याच्या माथ्याजवळच्या खिडकीतून अग्निशमन दलाचा तुतारीवाला हेय्नाऊ नावाची छोटी धून वाजवतो. ती तो चार दिशांना चार वेळा वाजवतो: आधी वावेलकडे राजासाठी, मग चौकाकडे नगरप्रमुखासाठी, मग उत्तरेच्या वेशीकडे पाहुण्यांसाठी आणि शेवटी पूर्वेच्या छोट्या चौकाकडे. प्रत्येक वेळी धून मध्येच तुटते. १२४१ साली तातारांची चाल येताना पाहून पहारेकऱ्याने इशारा दिला आणि वाजवता वाजवता त्याच्या गळ्यात बाण लागला, अशी कथा सांगतात. आत्ताचं चर्च चौदाव्या शतकातलं, त्या हल्ल्यानंतरचं. त्यामुळे कथा कथा म्हणूनच ऐकावी, पण ती तुटलेली धून अंगावर येते हे मात्र खरं. दुपारी बाराची धून १९२७ पासून पोलिश रेडिओवर देशभर ऐकवली जाते.

तुतारी दिसावी अशी इच्छा असेल तर चर्चला चिकटून उभं राहू नये. मान कितीही वर केली तरी खिडकी दिसत नाही. चाळीस-पन्नास पावलं मागे, मित्स्क्येविच कवीच्या पुतळ्यापाशी जावं. चौकाकडची फेरी दुसरी असते. उन्हात पितळेची चमक आधी दिसते आणि सूर किंचित नंतर कानांवर येतो. धून संपली की वाजवणारा हात हलवतो. खालून हात हलवावा, तो पाहतो.

हा चौक म्हणजे रिनेक ग्वूव्नी. प्रत्येक बाजू सुमारे दोनशे मीटर. १२५७ साली राजपुत्र बोलेस्वाफने माग्देबुर्गच्या नगर-कायद्यानुसार शहर नव्याने आखलं तेव्हाची ही मोजणी. चौकात मध्यभागी उभं राहून एक गंमत पाहावी: सगळं काटकोनात असताना मारियात्स्की चर्च तिरकं बसलेलं आहे. दक्षिणेच्या कोपऱ्यातून निघणारा ग्रोद्स्का रस्ताही तिरका जातो. दोन्ही जागा आखणीच्या आधीच्या. नवी रेघ ओढणाऱ्यांनी जुन्याला हात लावला नाही. तिथेच कोपऱ्यात संत आदालबर्टचं इटुकलं चर्च आहे, आणि त्याचा तळ आजच्या फरसबंदीच्या बराच खाली आहे. चर्च खचलेलं नाही. आठशे वर्षांत भरावावर भराव पडून चौकच वर आला आहे.

तो किती वर आला, हे पाहायचं तर जेवणानंतर सुक्येन्नित्से या कापडबाजाराच्या खाली जावं. २००५ पासून इथे उत्खनन झालं आणि २०१० मध्ये चौकाच्या पोटात, सुमारे चार मीटर खोलीवर, संग्रहालय उघडलं. जुने दगडी रस्ते, गाड्यांच्या चाकोऱ्या, व्यापाऱ्यांच्या वजनकाट्यांची जागा आणि शिशाचे ठोकळे, तसंच चौक आखला जाण्याच्या आधीची दफनभूमी, सगळं जागच्या जागी आहे. इथे दर वेळेला ठराविक माणसंच सोडतात, म्हणून वेळेचं तिकीट आधी घ्यावं. आत अंधूक उजेड आणि बराच गारवा असतो. उन्हाळ्यातही एक पातळ जाकीट जवळ असू द्या. दीड तास धरावा.

वरचा कापडबाजार चौदाव्या शतकातला. १५५५ च्या आगीनंतर त्याला कोरीव कठड्याचा मुकुट मिळाला, तर बाजूच्या कमानी १८७५ ते १८७९ च्या दुरुस्तीतल्या. खालच्या दुकानांत अंबर, लाकडी डबे आणि लोकरी कपडे असतात. अंबर घ्यायचं तर रस्त्यावरच्या पथाऱ्यांपेक्षा पावती देणारं दुकान बरं, कारण प्लास्टिकचे मणी दिसायला हुबेहूब तसेच असतात. वरच्या मजल्यावर राष्ट्रीय संग्रहालयाचं एकोणिसाव्या शतकातल्या चित्रांचं दालन आहे. गर्दी खाली असते आणि वर मातेइकोच्या भिंतभर चित्रासमोर बाकावर अर्धा तास निवांत बसता येतं.

त्याआधी, चर्चमधून निघाल्यावर, एकला पाच मिनिटं कमी असताना कोलेगियुम मायुसच्या अंगणात असावं. चौकापासून चालत पाच-सात मिनिटं. क्राकूफचं विद्यापीठ १३६४ चं आणि ही त्याची सर्वांत जुनी इमारत. १४९१ ते १४९५ या काळात कोपर्निकस याच विद्यापीठात शिकला. अंगणातल्या घड्याळातून एकच्या ठोक्याला विद्यापीठाशी जोडलेल्या ऐतिहासिक व्यक्तींच्या छोट्या लाकडी मूर्ती संगीतासह बाहेर येऊन फेरी मारतात. सकाळी नऊ आणि अकरा, दुपारी एक आणि तीन, संध्याकाळी पाच, अशा विषम तासांना हे होतं. अंगणात यायला तिकीट नाही. दोनला येऊन वर बघत उभी असलेली माणसं आम्ही दोन्ही खेपांना पाहिली आणि त्यांना सांगितलंही.

मग जेवण. चौकातल्या छत्र्यांखाली बसण्याचे पैसे लागतात. पोट भरायचं तर बार म्लेच्नी, शब्दशः दूध-खानावळ, शोधावी. बाहेर मोठी पाटी नसते. आत गेल्यावर भिंतीवरचा फलक वाचून काउंटरवर सांगायचं, आधी पैसे भरायचे, चिठ्ठी घेऊन खिडकीशी उभं राहायचं, नाव पुकारलं की ताट उचलायचं आणि जेवून झाल्यावर भांडी स्वतः परतीच्या खिडकीत ठेवायची. फलक पोलिशमध्येच असतो. शाकाहारी माणसाने पाच नावं पाठ करावीत: पिएरोगी रुस्क्ये म्हणजे बटाटा आणि ताज्या चीजचं सारण भरून उकडलेल्या करंज्या, नालेश्निकी म्हणजे धिरड्यासारखी घडी, त्यात गोड चीज, प्लात्स्की झेम्न्याचाने म्हणजे बटाट्याच्या किसाचे तळलेले थालीपीठवजा वडे, कोपित्का म्हणजे बटाटा-पिठाचे उकडलेले तुकडे आणि कोम्पोत म्हणजे फळं उकळून केलेलं गार पेय. रुस्क्येचं सारण शाकाहारी असलं तरी वरून तळलेल्या डुकराच्या चरबीचे तुकडे घालायची पद्धत आहे. म्हणून मागतानाच 'बेझ स्क्वार्कूफ' म्हणावं. झुरेक हे आंबवलेल्या राईच्या पिठाचं सार आपल्या जिभेला आवडण्यासारखं आहे, पण त्यात बहुधा सॉसेज असतं. बीटाचं बार्श्चसुद्धा पुष्कळदा मांसाच्या पाण्यात करतात. विचारल्याशिवाय घेऊ नये. दुपारी दोन ते तीनच्या दरम्यान चांगले पदार्थ संपत येतात.

सकाळच्या भुकेला ओब्वाझानेक आहेच. पिठाच्या दोन-तीन लडींना पीळ घालून त्याचं कडं वळतात, आधी उकळत्या पाण्यात बुडवतात आणि मग भाजतात. वर खसखस, तीळ किंवा जाडं मीठ. पाण्यात बुडवल्यामुळे बाहेरचं आवरण चकचकीत आणि चिवट होतं, आत मऊ राहतं. २०१० पासून त्याला युरोपीय भौगोलिक मानांकन आहे. रस्तोरस्ती गाड्यांवर मिळतं. सकाळी घेतलेलं सकाळीच खावं, संध्याकाळी ते लाकूड होतं.

दुसरा दिवस अख्खा वावेलला द्यावा. इथे सर्वांत जास्त लोक फसतात, कारण टेकडी एक असली तरी व्यवस्था दोन आहेत. टेकडीवर आणि अंगणांत फिरायला पैसे लागत नाहीत. राजवाड्याच्या प्रत्येक दालनाचं तिकीट स्वतंत्र असतं: राजदरबार, खाजगी दालनं, खजिना, शस्त्रागार. त्यांपैकी काहींना वेळ ठरवून प्रवेश मिळतो. कॅथीड्रल राजवाड्याचा भाग नाही, ते चर्चच्या ताब्यात आहे. त्याची तिकीट-खिडकी वेगळी, कॅथीड्रलच्या दारासमोरच. राजवाड्याचं महागडं तिकीट काढून कॅथीड्रलच्या दारावर अडवलेली कुटुंबं रोज दिसतात. रविवारी आणि सणाला कॅथीड्रलमध्ये पर्यटकांना दुपारी साडेबारानंतर घेतात. आत छायाचित्रं काढायची नाहीत आणि खांदे-गुडघे झाकलेले हवेत.

क्रम असा बरा पडतो: उघडायच्या वेळी कॅथीड्रल, मग राजदरबार, दुपारी अंगण आणि शेवटी ड्रॅगनची गुहा. कॅथीड्रलमध्ये सकाळी घंटेचा मनोरा आधी चढावा. जिने लाकडी आणि इतके अरुंद आहेत की वरून उतरणारा आणि खालून चढणारा यांना एकमेकांसाठी अंग चोरावं लागतं. गट यायला लागले की तिथेच पंधरा मिनिटं अडकायला होतं. वर राजा झिग्मुंतच्या नावाची झिग्मुंत घंटा आहे, १५२० साली ओतलेली. नुसतं घंटेचं भांडं ९,६५० किलोचं, लोलक आणि आढा धरून साडेबारा टनांच्या पुढे. खालचा व्यास २४२ सेंटिमीटर. ती यंत्राने वाजत नाही, बारा माणसं दोर ओढतात. मोठ्या सणांना आणि राष्ट्रीय प्रसंगांनाच ती वाजते. तुमच्या तारखांत ईस्टर किंवा नाताळ येत असेल तर चौकशी करून त्या वेळी टेकडीवर असा.

खाली झिग्मुंतचं चॅपल, म्हणजे छोटं प्रार्थनाघर, पाहताना घाई करू नये. १५१९ ते १५३३ या काळात फ्लोरेन्सकडच्या बार्तोलोमेओ बेरेच्चीने ते बांधलं. सोन्याने मढवलेला घुमट बाहेरून, दक्षिणेच्या बाजूने पाहिला की आल्प्सच्या उत्तरेला इटलीचा एक तुकडा उचलून ठेवल्यासारखा वाटतो. तळघरात राजे आहेत, कोश्च्युश्को आणि पिऊसुत्स्कीसारखे सेनानी आहेत, मित्स्क्येविच आणि स्वोवात्स्की हे कवी आहेत. कवींना राजांच्या पंक्तीला जागा देणाऱ्या देशाबद्दल तिथे उभं राहून आदर वाटतो. तळघरातून बाहेर पडलं की परत आत येता येत नाही, म्हणून ते सर्वांत शेवटी.

राजवाड्याच्या कमानींच्या अंगणात वरच्या मजल्याकडे पाहावं. खालच्या दोन मजल्यांच्या कमानी नेहमीसारख्या आहेत, तिसऱ्यावर मात्र कमानी नाहीत, सडपातळ खांब दुप्पट उंच होत थेट छपराला भिडतात. कारण मुख्य दरबारी दालनं त्या मजल्यावर होती आणि तिथे उजेड हवा होता. ऑस्ट्रियाच्या ताब्यात असताना इथे सैन्याची बराक होती आणि या कमानी विटांनी बुजवल्या होत्या. १९०५ मध्ये सैन्य हललं आणि मग वाडा उकलून काढायला सुरुवात झाली. आज जे दिसतं त्यात त्या कामाचा मोठा वाटा आहे. दालनांत दोन गोष्टी चुकवू नयेत. एक, राजा झिग्मुंत आउगुस्तने फ्लँडर्समध्ये विणून घेतलेली भिंतीवरची गालिचाचित्रं, सुमारे १६० पैकी १३६ शिल्लक. दुसरी, प्रतिनिधींच्या दालनाचं छत. त्या छताच्या चौकटींत कोरलेली १९४ माणसांची डोकी होती, त्यांतली ३० उरली आहेत. मान दुखेपर्यंत पाहावीत अशी ती आहेत.

अंगणात शिरल्यावर एका कोपऱ्यात भिंतीला पाठ लावून डोळे मिटून उभी असलेली माणसं दिसतील. हा वावेलचा 'चाक्राम'. शब्द आपलाच, चक्र. शंकराने सात दिशांना सात दिव्य दगड फेकले, त्यांतला एक इथल्या संत गेरेओनच्या जुन्या चॅपलखाली आहे आणि ही पृथ्वीच्या सात शक्तिस्थानांपैकी एक जागा आहे, अशी कथा विसाव्या शतकात इथे रुजली. दिल्लीचंही नाव त्या सातांत घेतात. आपल्या योगपरंपरेतली सात चक्रं शरीरात आहेत, नकाशावर नाहीत, आणि वाड्याचं संग्रहालयही या कथेला दुजोरा देत नाही. पण भारतीय चेहरा पाहून तिथे कुणी ना कुणी हमखास विचारतं, तेव्हा हे माहीत असलेलं बरं. समजावून सांगितलं तर लोक मनापासून ऐकतात.

ड्रॅगनची गुहा, स्मोचा यामा, शेवटी ठेवण्याचं कारण साधं आहे: वाट एकतर्फी आहे. टेकडीच्या टोकावरून १३५ पायऱ्यांचा गोल जिना खाली उतरतो आणि गुहेतून थेट विस्वा नदीच्या काठावर बाहेर पडतो. सकाळीच उतरलात तर अख्खी टेकडी पुन्हा चढा. हिवाळ्यात गुहा बंद असते. काठावर ब्रोनिस्वाफ ख्रोमीने घडवलेला धातूचा ड्रॅगन आहे, काही मिनिटांच्या अंतराने तोंडातून खरी आग ओकणारा. दंतकथेत गंधक भरलेली मेंढी गिळून तहानेने नदी पिऊन फुटला तो हाच. लहान मुलं बरोबर असतील तर अर्धा तास इथेच जातो.

लिओनार्दो दा विंचीचं 'स्त्री आणि एर्मिन' (एर्मिन म्हणजे मुंगसासारखा छोटा पांढरा प्राणी) हे चित्र वावेलवर आहे असं जुन्या माहितीत वाचायला मिळतं. काही वर्षं ते खरोखरच तिथे होतं. डिसेंबर २०१९ पासून ते फ्लोरियान्स्का वेशीजवळच्या चार्तोरिस्की संग्रहालयात आहे. चित्र साधारण ५५ बाय ४० सेंटिमीटर, अक्रोडाच्या फळीवर रंगवलेलं. अंधाऱ्या खोलीत ते एकटंच आहे. संग्रहालय सोमवारी बंद. मोफत प्रवेशाच्या दिवशी त्या एका खोलीत खांद्याला खांदा लागतो, म्हणून पैसे भरून सकाळी पहिल्या तासात जावं. पोलंडच्या संग्रहालयांत कोट आणि पाठपिशवी शात्न्या म्हणजे सामानघरात ठेवावीच लागते. थंडीत तिथली रांग दहा मिनिटांची असू शकते, वेळेच्या तिकिटात ती धरा.

तिसऱ्या दिवशी काझिमिएश आणि नदीपलीकडचं पोदगूझे. काझिमिएश हे १३३५ साली वसवलेलं स्वतंत्र गाव. विस्वाचा एक फाटा मध्ये वाहत होता, तो पुढे बुजवला आणि त्यावर आजचा रुंद दित्ला रस्ता झाला. १४९५ नंतर क्राकूफचे ज्यू इथे राहायला आले. शेरोका रस्त्यावरचं रेमू सिनेगॉग, म्हणजे ज्यूंचं प्रार्थनास्थळ, आणि त्याला लागून असलेली सोळाव्या शतकातली दफनभूमी आधी पाहावी. पुरुषांनी डोकं झाकायचं असतं, टोपी दाराशी मिळते. शनिवारी बंद. नाझींनी फोडलेल्या थडग्यांचे तुकडे सांधून तिथे एक भिंत केली आहे. रब्बी मोझेस इस्सेर्लेस यांच्या कबरीवर लोक खडे आणि चिठ्ठ्या ठेवतात. पाहणाऱ्याने हात लावू नये आणि आवाज खाली ठेवावा.

तिथून बेर्नातेक पादचारी पुलावरून पलीकडे गेलं की वीसेक मिनिटांत घेट्टोच्या वीरांचा चौक येतो. मार्च १९४१ मध्ये जिथे पूर्वी सुमारे तीन हजार माणसं राहत होती, तेवढ्या जागेत नाझींनी पंधरा हजार ज्यू कोंडले. हाच घेट्टो. मार्च १९४३ मध्ये घेट्टो रिकामा केला. चौकात आता धातूच्या सत्तर रिकाम्या खुर्च्या आहेत, २००५ मध्ये बसवलेल्या. लोकांकडून हिसकावलेलं सामानसुमान याच चौकात पडून राहिलं होतं, त्याची ही खूण. ट्रॅमची वाट पाहणारे कडेच्या काही खुर्च्यांवर बसतातही. कोपऱ्यात तादेउश पानकिएविच यांचं औषधाचं दुकान आहे, आता संग्रहालय. घेट्टोच्या आत राहून दुकान चालू ठेवणारे ते एकटेच बिगर-ज्यू औषधविक्रेते. पाच खोल्यांचं हे संग्रहालय तासाभरात होतं आणि ज्यू कामगारांना वाचवणाऱ्या ऑस्कर शिंडलर या जर्मन उद्योजकाच्या कारखान्याआधी पाहिलं तर पुढचं जास्त समजतं.

शिंडलरचा कारखाना लिपोवा रस्त्यावर, चार क्रमांकाला. तिथे कारखाना पाहायला मिळेल अशी अपेक्षा ठेवली तर हिरमोड होतो. यंत्रं नाहीत, शिंडलरची एक खोली आहे. बाकीचं सगळं १९३९ ते १९४५ या काळातल्या व्यापलेल्या क्राकूफविषयी आहे. रस्ते, घोषणापत्रकं, शिधापत्रिका, छायाचित्रं. वाटा मुद्दाम अरुंद ठेवल्या आहेत. दोन तास लागतात आणि मधून परत फिरता येत नाही. तिकिटं दिवस आणि वेळ ठरवून विकतात. उन्हाळ्यात ती बरेच दिवस आधी संपतात. क्राकूफचं विमानाचं तिकीट झालं की पुढची नोंदणी याची करावी. शहराबाहेरच्या आउश्वित्स या नाझी छळछावणीच्या जागी जायचं असेल तर त्यासाठी वेगळा दिवस ठेवा, आणि त्या संध्याकाळी दुसरं काहीही ठरवू नका.

विएलिच्काची मिठाची खाण हा चौथा दिवस. क्राकूफच्या जुन्या शहराबरोबरच १९७८ साली युनेस्कोने पहिली जी बारा नावं जागतिक वारसा यादीत घातली, त्यांत ही होती. मुख्य स्थानकावरून लोकल वीस-पंचवीस मिनिटांत पोचते. हीच गाडी उलट दिशेला विमानतळावर जाते. एकाच फलाटावर उभं राहून चुकीच्या टोकाला गेलेले पुष्कळ. डब्यावरची पाटी वाचावी आणि शेवटच्या, रिनेक-कोपाल्न्या या स्थानकावर उतरावं. त्याआधी विएलिच्का नावाचीच दुसरी स्थानकं येतात.

खाणीत एकट्याने फिरता येत नाही, भाषेनुसार गट करून वाटाड्या नेतो. सुरुवातीलाच सुमारे ३८० लाकडी पायऱ्या, सात-सात पायऱ्यांचे टप्पे वळत वळत ६४ मीटर खाली. चक्कर येणाऱ्याने कठड्याच्या बाजूने, खाली न पाहता उतरावं. पुढची वाट उताराची आहे, एकूण पायऱ्या आठशेच्या वर, चाल सुमारे साडेतीन किलोमीटर आणि खोली १३५ मीटरपर्यंत. गुडघ्यांचा त्रास असेल तर हे आधी समजून घ्या, कारण मध्येच मागे फिरायची सोय गटासोबत नसते. आत बारा महिने १७-१८ अंश. मीठ पांढरं दिसत नाही. भिंती करड्या-हिरव्या, ग्रॅनाइटसारख्या दिसतात, बोट लावून चाखलं की कळतं. आधाराचे ओंडके पांढरे रंगवले आहेत, दिव्याचा उजेड परतावा म्हणून. मिठामुळे लाकूड कुजत नाही, उलट टणक होतं. पाण्याचा थेंब मात्र मिठाचा शत्रू. इतक्या माणसांच्या श्वासाची वाफही शिल्पं झिजवते, म्हणून हवा खेळती ठेवण्याची यंत्रणा अखंड चालू असते आणि दारं एकामागून एक बंद करूनच पुढे सोडतात. दार धरून मागच्याची वाट पाहू नये, वाटाडा रागावतो आणि त्याचं बरोबर आहे.

१०१ मीटर खोलीवर संत किंगाचं चॅपल. ५४ मीटर लांब, १८ रुंद, १२ उंच. १८९६ पासून सुमारे सत्तर वर्षं खाणकामगारांनीच ते कोरलं. जमिनीवरच्या फरशा, भिंतीवरचं शेवटचं भोजन, झुंबरांतले स्फटिक, सगळं मीठ. छायाचित्रांत हे दालन भपकेबाज वाटतं. प्रत्यक्षात वरच्या जिन्यावरून पहिल्यांदा दिसतं तेव्हा गटातली बडबड आपसूक थांबते. इथे मोकळा वेळ दहा-पंधरा मिनिटंच मिळतो. पहिली पाच मिनिटं भिंतींना द्यावीत, छायाचित्रं नंतर. व्यापारी खाणकाम १९९६ मध्ये थांबलं, पण आत झिरपणारं खारं पाणी उपसावंच लागतं आणि त्यातून मीठ अजून काढतात. परत वर लिफ्टने. छोट्या पिंजऱ्यात दाटीने उभं राहायचं, तिची रांग अर्ध्या तासाची होऊ शकते. बाहेर पडायचा खड्डा आत शिरलेल्या खड्ड्यापासून लांब असू शकतो. परतीची गाडी त्या हिशेबाने धरा. जाऊन-येऊन पाच तास.

काही किरकोळ गोष्टी, पण अडतं ते इथेच. ट्रॅमचं तिकीट मिनिटांवर असतं आणि चढल्याबरोबर पेटीत घालून ठसा उमटवावा लागतो. नुसतं खिशात असलेलं तिकीट म्हणजे विनातिकीट. यंत्रावर 'उल्गोवी' दिसतं ते सवलतीचं, परदेशी पाहुण्याला सहसा लागू नाही, 'नोर्माल्नी' घ्यावं. तपासनीस साध्या कपड्यांत असतात. पोलंडमध्ये युरो नाही, झ्वोती चालतं. कान्तोरमध्ये पैसे बदलताना 'स्कुप' हा दर पाहायचा, तो त्यांच्या खरेदीचा. दोन दरांत फार तफावत असेल तर पुढच्या दुकानात जावं. एटीएमने 'तुमच्या चलनात हिशेब करू का' विचारलं तर नाही म्हणावं, झ्वोतीतच घ्यावं. स्वच्छतागृहाच्या दारावर त्रिकोण असेल तर पुरुषांचं, वर्तुळ असेल तर स्त्रियांचं, आणि सुटी नाणी जवळ हवीत. बहुतेक रविवारी मोठी दुकानं बंद असतात, शनिवारी संध्याकाळी दूध-फळं आणून ठेवावीत. फरसबंदी गोल दगडांची आहे, पातळ तळाच्या चपलेने दुसऱ्या दिवशी टाचा ठणकतात. डिसेंबरात साडेतीन-पावणेचारलाच सूर्य मावळतो. जूनमध्ये रात्री नऊपर्यंत उजेड असतो. वरचा चार दिवसांचा कागद उन्हाळ्यातला आहे, हिवाळ्यात पाच धरा.

शेवटची संध्याकाळ क्राकुसच्या टेकाडाला द्यावी. पोदगूझेच्या चौकापासून चालत वीसेक मिनिटं. मातीचं, माणसांनी रचलेलं, सोळा मीटर उंच टेकाड. तिकीट नाही, दार नाही, वेळ नाही. सूर्यास्ताच्या अर्धा तास आधी वर असावं. वायव्येला वावेल, त्याच्या उजवीकडे मारियात्स्कीचे दोन असमान मनोरे, पूर्वेला दूरवर नोवा हुताचा पोलाद कारखाना. वारा जोरात असतो, गळा झाकून घ्यावा. उतरताना पायवाटेवर दिवे नाहीत, विजेरी लागते.